कॅराव्हॅनमध्ये पाणी कसं पुरवायचं? (नलारबॉर, पाच माणसं, १९० लिटर)

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला असतो, गेल्या वर्षी सेकंडहँड कॅराव्हॅन घेतली. जुलैच्या सुट्टीत अ‍ॅडलेडवरून पुढे नलारबॉरचं ओसाड पठार पार करून पर्थला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं दोन (वय ११ आणि ७), आणि लातूरहून आई येतेय, ती पण सोबत. म्हणजे पाच जण.

व्हॅनला पाण्याच्या दोन टाक्या, ९५ लिटरची एक, म्हणजे एकूण १९०. मला वाटलं भरपूर झालं. म्हणून मागच्या महिन्यात ट्रायल म्हणून एका फ्री कॅम्पला गेलो (नळ नाही, लाइट नाही, काही नाही), शुक्रवारी संध्याकाळी पोचलो आणि रविवारी सकाळी दात घासताना पंप नुसताच घुं घुं करायला लागला. पाणी संपलं! चौघांत दीड दिवसात १९० लिटर. आई तर तेव्हा नव्हतीच.

सेदूना ते नॉर्समन (नलारबॉरच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव) साधारण १२०० किमी आहे आणि व्हॅन ओढत पाच दिवस धरलेत, मधे रोडहाउस (पेट्रोल, जेवण, मुक्कामाचे थांबे) आहेत पण टाक्या भरून कोणी देत नाही असं ऐकलंय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, एवढ्या पाण्यात पाच दिवस निघतात का? नक्की कुठे वाचवायचं? शॉवरचं हेड बदलायचं, नळाला जाळी लावायची असलं सगळं वाचून झालंय, मला घरातल्या माणसांनी काय करायचं ते हवंय.

डोंगरवारा:
वाचतोय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

गाडीवान:
रानजाई, मी अ‍ॅडलेडला असतो, नलारबॉर तीनदा केलंय. निघतात पाच दिवस, अगदी नक्की निघतात.

आधी ती जागा कशी आहे ते बघा. नलारबॉर म्हणजे लॅटिनमध्ये ‘झाड नाही’. सगळा चुनखडीचा पठार, पाऊस पडला की पाणी खाली झिरपून जातं, वर एक नदी वाहत नाही. बऱ्याच रोडहाउसना बोअरचं खारं पाणी मशीनने गोडं करून वापरावं लागतं, म्हणून ते टाकी भरून देत नाहीत आणि त्यात त्यांचा कंजूषपणा अजिबात नाही. पैसे देऊन शॉवर मात्र मिळतो बऱ्याच ठिकाणी. पाच दिवसांत एकदा सगळ्यांनी तिथे आंघोळ करा, डोक्यावरून.

आता तुमची टाकी दीड दिवसात का संपली? तुम्ही उधळे आहात म्हणून नाही. व्हॅनमधला नळ घरच्या नळासारखा दिसतो म्हणून. १२ व्होल्टचा पंप मिनिटाला सहज आठ-दहा लिटर फेकतो. बशी विसळायला नळ अर्धा मिनिट सोडला की चार-पाच लिटर गेलं, आणि ते गेलेलं दिसतच नाही कारण टाकी पायाखाली आहे. भिंतीवरचे ते चार दिवे असतात ना लेव्हलचे, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, तीन दिवे म्हणजे १४० लिटरही असतं आणि १०० पण.

माझा एकच नियम आहे. पंपाचं बटण बंद. सकाळी एकदा चालू करायचं, दहा लिटरचा तोटीवाला कॅन भरून ओट्यावर ठेवायचा, बटण बंद. दिवसभर त्यातूनच. कॅन संपत आला की सगळ्यांना दिसतं, मग कोणाला ओरडावं लागत नाही.

टिपूर:
गाडीवान काकांना +१. मी पर्थहून उलट्या दिशेने आलोय. गणित मांडून देतो.

१९० लिटर भागिले ५ माणसं भागिले ५ दिवस = माणशी दिवसाला ७.६ लिटर. त्यात २० लिटरचे दोन जेरीकॅन वेगळे घ्या, २३० झाले, म्हणजे ९.२. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ३ लिटर बाजूला काढा, ते पाच दिवसांचं ७५ लिटर होतं आणि त्याला हात लावायचा नाही. उरलं १५५, माणशी दिवसाला सहा लिटरच्या आसपास, त्यात भांडी, हातपाय, अंग पुसणं, फ्लश सगळं. जुलै म्हणजे तिकडे थंडी असते त्यामुळे घाम नाही, जमतं.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, १ लिटर म्हणजे १ किलो. २३० लिटर म्हणजे सव्वादोनशे किलो वजन वाढलं, व्हॅनच्या प्लेटवर कमाल वजन लिहिलेलं असतं त्यात बसतंय का ते सामान भरून वजनकाट्यावर बघा. दुसरं, जेरीकॅन वेगळे ठेवणं चैन नाहीये. आमच्या मागच्या ट्रिपला कच्च्या रस्त्यावर खडा उडाला आणि टाकीच्या खालचा प्लॅस्टिकचा ड्रेनचा नळ तुटला, ऐंशी-नव्वद लिटर रस्त्यावर सांडलं आणि आम्हाला मुक्कामाला पोचल्यावर कळलं. दोन टाक्यांना मधे व्हॉल्व असेल तर तो बंद ठेवा म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील.

आणि रात्री सगळे झोपल्यावर पंप मधेच घर्र करून थांबला तर समजायचं कुठेतरी गळतंय.

रानजाई:
बाप रे, घर्र तर आमचा पंप ट्रायलला दोनदा झाला होता रात्री!! मला वाटलं हवा असेल. बघते उद्याच.

किवी_पक्षी:
मी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्च. आमच्याकडे गाडीला ‘सेल्फ कंटेन्ड’ सर्टिफिकेट असेल तरच बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. त्याचा जो मूळ हिशोब होता तो माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, तीन दिवसांचं, म्हणजे माणशी १२ लिटर, आणि सांडपाण्याची टाकीही तेवढीच. २०२३ पासून नियम बदलले, आता टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं लागतं. सांगायचा मुद्दा, ४ लिटरवर लोक राहतात. तुम्हाला तर ९ आहेत.

चिंचेचा_कोळ:
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सुट्टीला जायचं आणि लिटर मोजत बसायचं हे मला पटत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये दर दुसऱ्या रात्री व्यवस्थित साइटवर राहतो, नळ जोडायचा, टाकी भरायची, मुलांना मनसोक्त आंघोळ. चार पैसे जास्त जातात पण बायका-पोरांचे हाल होत नाहीत. सासू किंवा आई सोबत असताना तर मी हे करणारच नाही, सत्तरीच्या माणसाला रेशनवर पाणी द्यायचं?

गाडीवान:
@चिंचेचा_कोळ, इंग्लंडात दर तीस मैलांवर गाव आहे हो. इथे कायगुना आणि बॅलडोनिया या दोन रोडहाउसच्या मधल्या पट्ट्यात सलग १४६.६ किलोमीटर रस्त्याला एक वळण नाही, आणि मधे काही नाही. साइट घ्यायची म्हटली तरी तिथे व्हॅनला पाणी जोडून मिळेलच असं नाही.

मांजराकाठची:
लातूर म्हटल्यावर लिहायलाच हवं.

चिंचेचा_कोळ, रानजाईच्या आईची काळजी तुम्ही करताय हे चांगलंच आहे, पण लातूरच्या बाईला पाणी कसं वापरायचं हे कोणी शिकवायला नको. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनची गाडी यायची. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि तेवढ्यावर घर चालायचं, पाहुणेसुद्धा यायचे.

आम्ही काय करायचो सांगते. आंघोळ मोठ्या परातीत किंवा घमेल्यात बसून, म्हणजे पाणी खाली साठतं. त्या पाण्यात पायपुसणी, फडकी धुवायची. तेच पाणी संडासला. तांदूळ धुतलेल्या पाण्यात खरकटी ताटं पहिल्यांदा विसळायची. प्यायचं पाणी तांब्या वर धरून, भांड्याला तोंड न लावता, म्हणजे दर वेळी पेला विसळायला नको. हे शेवटचं अगदी साधं वाटेल पण पाच माणसांचे दिवसाला वीस-पंचवीस पेले विसळायचे वाचतात.

एकच पाणी तीन कामं करून मग जमिनीत जायचं. रानजाई, आईलाच व्हॅनच्या पाण्याची मालकीण करा, बघा काय होतं ते.

रानजाई:
@मांजराकाठची, डोळ्यात पाणी आलं वाचून. त्या उन्हाळ्यात मी इथे होते आणि आई फोनवर नेहमी ‘आहे गं पाणी, पुरतंय’ एवढंच म्हणायची.

सुगरणपक्षी:
स्वयंपाकाचं मी सांगते. पाणी भांड्यांत जातं आणि भांडी मसाल्याने वाढतात, हे गणित आधी डोक्यात ठेवायचं.

कुकर सोडू नका. डाळ-भात-बटाटे एका कुकरमध्ये, आणि कुकरच्या तळाला जे गरम पाणी उरतं ते कधीच फेकायचं नाही, तेलकट भांडी धुवायला त्याच्यासारखं काही नाही. फोडणीची कढई धुवायच्या आधी चमचाभर कणीक किंवा डाळीचं पीठ टाकून कोरडीच पुसून घ्यायची, सगळं तेल पीठ ओढून घेतं. मग दोन वाट्या पाण्यात ती स्वच्छ. पिठलं केलंत तर लगेच खरवडून खा (खरवड कोणाला मिळणार यावरून आमच्याकडे भांडणं होतात), वाळू दिलं तर लिटरभर पाणी जातं.

थालीपीठ, धिरडी, दशम्या, तव्यावरचं सगळं चालतं, तवा नुसता पुसला की झालं. मेतकूट-भात, दही-पोहे. पास्ता-नूडल्स उकळून पाणी फेकायचे पदार्थ घेऊ नका, किंवा ते पाणी आमटीत जाऊ दे.

आणि एक, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर बॉर्डर व्हिलेजला गाडी तपासतात, ताजी फळं, भाज्या, मध जप्त होतो. त्यामुळे सेदूनाला धुऊन-चिरून-परतून भाज्या डब्यात भरा. धुवायचं पाणी गावात गेलं, व्हॅनमधलं वाचलं.

डोंगरवारा:
कागदी प्लेट वापरल्या तर? सोप्पं आहे.

सुगरणपक्षी:
पाच जण, तीन वेळा, पाच दिवस. पाऊणशे प्लेटा. तो कचरा पाच दिवस व्हॅनमध्येच घेऊन फिरायचा, तिथे कचराकुंडी ठिकठिकाणी नाही. पत्रावळ्या असत्या तर म्हटलं असतं जाळून टाका. स्टीलचं ताट, ज्याचं त्याने बोटाने निपटून खायचं, आपल्याकडे पानात टाकत नाहीत तेच इथे कामाला येतं.

पायवाट:
एक विचारते, कोणी बोलत नाहीये म्हणून. टॉयलेट. आपल्याला पाणी लागतं. कागदावर भागवणं मला आजवर जमलेलं नाही आणि जमवायचंही नाही. कॅसेट टॉयलेटचं काय करता?

गाडीवान:
अगदी बरोबर प्रश्न. कॅसेट म्हणजे टॉयलेटखालची काढता येणारी मैल्याची टाकी, साधारण अठरा-वीस लिटरची असते. मगने पाणी घेतलं तर पाच माणसांत दीड-दोन दिवसात भरते, आणि डंप पॉइंट (ती रिकामी करायची जागा) लांब असला की अडचण होते. आम्ही पिळायची प्लॅस्टिकची बाटली ठेवतो, बुचाला भोक असलेली, पाव लिटरात काम होतं. फ्लशचं बटण फक्त मोठ्या कामाला, एरवी आंघोळीचं साठवलेलं पाणी वरून थोडं टाकायचं. आणि रोडहाउसला थांबलं की सगळ्यांनी तिथे जाऊन यायचं, लागली असो नसो.

पायवाट:
धन्यवाद काका. अजून एक बायकांसाठी. पाळीचे दिवस ट्रिपमध्ये येणार असतील तर ते पाणी हिशोबात वेगळं धरा, दिवसाला तीन-चार लिटर जास्तीचं, आणि ते कोणाला विचारून घ्यावं लागू नये. आमच्या ग्रुपमध्ये एका मुलीने संकोचाने दोन दिवस काढले आणि आम्हाला नंतर कळलं, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

टिपूर:
@पायवाट हे माझ्या गणितात नव्हतंच. चूक झाली. रानजाई, अजून एक २० लिटरचा कॅन घ्या.

घाटवाट:
मी पुण्याचा, थोडं विषयांतर. आम्ही तिघा मित्रांनी टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतलीय. महाराष्ट्रात २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं तेव्हापासून लोक विचारायला लागलेत. आमच्याकडे पाणी मिळवणं अवघड नाही, पेट्रोल पंप, ढाबा, देऊळ, कोणी नाही म्हणत नाही. नीट विचारलं की पाइपसुद्धा लावून देतात. त्रास होतो तो बोअरच्या जड पाण्याचा, साबणाला फेस येत नाही आणि मग विसळायला दुप्पट लागतं. त्यासाठी साबण कमी, हे एकच औषध.

पण एक अनुभव लिहितो. मे महिन्यात बीडकडे एका वस्तीवर हातपंपावर टाकी भरायला थांबलो. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी आम्हाला पाहुणे म्हणून पुढे बोलावलं. आम्ही पण भरलं, साठ-सत्तर लिटर. निघताना एका आजीने सांगितलं की दुपारनंतर पंपाला पाणी येत नाही, उद्या सकाळपर्यंत थांबावं लागतं. आम्ही त्यातलं चाळीस लिटर परत त्यांच्या घागरींत ओतलं. तेव्हापासून एप्रिल-मे मराठवाड्यात गाडी पुण्यातूनच भरून नेतो आणि तेवढ्यातच भागवतो.

चिंचेचा_कोळ:
@घाटवाट हे मनापासून आवडलं. माझं वरचं म्हणणं थोडं मागे घेतो. पाणी विकत घेतलं म्हणजे प्रश्न सुटला असं मला वाटत होतं, पण ते कोणाच्या वाट्याचं आहे हा विचार मी केला नव्हता. आंघोळीबद्दलचं मत मात्र कायम, मुलांना दोन दिवसांनी एकदा तरी नीट आंघोळ हवी.

चंद्रभागा:
तुम्ही सगळे कॅराव्हॅन कॅराव्हॅन करताय, आमच्या दिंडीचा ट्रक आणि मागचा टँकर म्हणजे दुसरं काय आहे? मी आठ वर्षं वारी करतेय. दिंडीत दीड-दोनशे माणसं, पाणी टँकरचं, पहाटे तीन-साडेतीनला उठून आंघोळी. अर्धी बादली मिळाली तरी पुष्कळ. तिथे एक बाई मला म्हणाली होती, आधी ओल्या फडक्याने अंग रगडून घे, मळ फडक्याने निघतो, पाणी फक्त धुवून न्यायला. तसं केलं तर चार तांब्यांत लख्ख आंघोळ होते. चिंचेचा_कोळ, मुलांची आंघोळ अशी करून बघा.

टिपूर:
चार तांबे म्हणजे चार-पाच लिटर. शॉवरला दोन मिनिटांत पंधरा-वीस जातात. शिवाय शॉवरला गरम येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते लिटर-दोन लिटर असतं, ते भांड्यात धरून चहाला वापरायचं. किंवा गॅसवर पाणी तापवून तांब्या घ्या, म्हणजे तोही प्रश्न नाही.

किवी_पक्षी:
कपड्यांचं कोणी बोललं नाही. घट्ट झाकणाची बादली घ्यायची, पाच लिटर पाणी, चमचाभर पावडर, मोजे-बनियन आत टाकून व्हॅनमध्ये फरशीवर बांधून ठेवायची आणि गाडी चालवायची. दोनशे किलोमीटरनंतर कपडे आपोआप घुसळून निघालेले असतात. विसळायला अजून पाच लिटर. जीन्स नको!

डोंगरवारा:
हे भारी आहे. खड्ड्यांचा उपयोग. आपल्याकडे तर कपडे पन्नास किलोमीटरमध्येच निघतील.

गाडीवान:
:)

रानजाई, पंपाचं काय झालं?

रानजाई:
सापडलं! सिंकखालचा जॉइंट सैल होता, थेंब थेंब कपाटाच्या मागून खाली रस्त्यावर जात होतं. नवऱ्याने वॉशर बदलला. म्हणजे आम्ही आयुष्यभर ज्याला ‘पोरं पाणी फार उडवतात’ म्हणत होतो त्यातलं थोडं तरी पोरांचं नव्हतं. पोरांना सॉरी म्हणून झालं.

जाऊन आले की लिहिते.

(पाच आठवड्यांनी)

रानजाई:
मंडळी, आलो परत. सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद, आणि आता आकडे.

सेदूनाला दोन्ही टाक्या आणि तीन जेरीकॅन भरले, २५० लिटर. पाचव्या दिवशी दुपारी नॉर्समनला पोचलो तेव्हा एक जेरीकॅन अख्खा आणि टाकीत साधारण वीस-पंचवीस लिटर होतं. म्हणजे २०५-२१० वापरलं, माणशी दिवसाला सव्वाआठच्या आसपास.

मांजराकाठची, तुमचं ऐकून आईला मालकीण केलं. तिने पहिल्याच सकाळी गाडीवान काकांचा तोटीवाला कॅन ओट्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी प्रत्येकाचा एक एक तांब्या. सात वर्षांच्या माझ्या मुलाने दुसऱ्या दिवशी बाबाला टोकलं, ‘आजीचा कॅन निम्मा झालाय, नळ बंद कर’. मी वर्षभर जे सांगत होते ते कॅनने एका दिवसात केलं.

काय जमलं: कुकरच्या तळाचं पाणी, कणकेने कढई पुसणं, वरून पाणी पिणं (मुलांनी शर्ट भिजवले दोन दिवस, मग जमलं), फडक्याने अंग रगडून चार तांबे. चंद्रभागाताई, आईने ते ऐकून विचारलं की ही बाई कुठल्या दिंडीतली.

काय नाही जमलं: कॅसेट तिसऱ्या दिवशीच भरली, बाटली वापरूनसुद्धा. पुढचा डंप पॉइंट येईपर्यंत सगळे रोडहाउसच्या भरवशावर. पाच माणसं असतील तर जास्तीची कॅसेट घ्याच. आणि बादलीत कपडे धुताना मी झाकण नीट लावलं नाही, सात-आठ लिटर व्हॅनभर. पुसायला फडकी मात्र भरपूर होती.

चौथ्या दिवशी एका रोडहाउसला पैसे भरून सगळ्यांनी शॉवर घेतला. आई दोन मिनिटांत बाहेर आली. मी म्हटलं अगं आई, पाच मिनिटांचे पैसे भरलेत. तर म्हणाली, ‘माझं झालं, उरलेलं त्यांच्या टाकीत राहू दे’.

टिपूर:
वा! नॉर्समनला नळ सोडलात तेव्हा ते पाणी कुठून आलं माहितीये का? आमच्या पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून. १९०३ मध्ये तिथून कॅलगुर्लीपर्यंत सव्वापाचशे किलोमीटरवर पाइपने पाणी चढवत नेलं, सोन्याच्या खाणींसाठी. सी. वाय. ओ'कॉनर नावाच्या इंजिनियरने ते आखलं, आणि पाणी पोचायच्या आधी वर्षभर, लोकांच्या टीकेने खचून त्याने जीव दिला. नॉर्समनला तीच लाइन नंतर वाढवून नेली.

रानजाई:
हे आधी माहीत असतं तर आईला सांगितलं असतं. ती नॉर्समनच्या नळाखाली हात धरून बराच वेळ उभी होती, मग नळ बंद केला आणि जेरीकॅनमधलं उरलेलं पाणी आधी वापरा म्हणाली. आज रात्री फोनवर सांगते तिला.

डोंगरवारा:
जास्तीची कॅसेट साधारण कितीला पडते? आणि तोटीवाला कॅन कुठला घेतलात?

रानजाई:
कॅसेट अजून घेतली नाही, चौकशी करून सांगते. कॅन साधा पांढरा, कॅम्पिंगच्या दुकानातला, दहा लिटरचा. फक्त तोटी दाबायची नको, फिरवायची घ्या. दाबायची मुलांच्या हातून अर्धवट राहते आणि रात्रभर ठिबकते.